गच्च भरलेला ड्रम

सोफ्याच्या कारखान्यात तिला सगळे खिळा म्हणत. एक तर अंगानं तशीच, आणि दुसरं म्हणजे तोंडात कायम बारीक खिळे धरलेले. ओठाच्या कोपऱ्यातून एक खिळा बाहेर यायचा, हातोडी पडायची, पट्टा ताणला जायचा, लगेच पुढचा. अशा वेळी कुणी काही विचारलं तर ती मानेनंच हो-नाही सांगे. बहुतेक वेळा नाहीच. लहानपणापासून हेकट. तिची आई म्हणायची, "ही पोटात असतानाच आडवी बसली होती. सरळ कर म्हणून कुणाच्या बापाचं ऐकलं नाही."

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. खाली रेक्झिनचे तुकडे, वर छतापर्यंत फोमच्या लाद्या रचलेल्या. मालकाला सगळे काका म्हणत. सुट्टीच्या दिवशी शेड बंद असे आणि किल्ली खिळ्याकडे असे. फोमनं भरलेल्या त्या जागेत कितीही बोंबललं तरी बाहेर चकार आवाज जात नाही, हे तिच्या फार लवकर ध्यानात आलं. बँड तिथंच जन्माला आला.

चौघीजणी. गाणारीला म्हणत तोंडाळ. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची. आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून तिचं तोंड इतकं आंबायचं की सुट्टीला माइक हातात आला की सगळं उलटं बाहेर पडायचं. गिटारवाली तिची सख्खी धाकटी बहीण, डावरी. आणि बास गिटार वाजवणारी ती आजी. वय खिळ्याएवढंच, पण चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी वाळवायची. घाई नावाचा प्रकार तिच्या रक्तातच नव्हता.

आपण वाजवतो त्याला पोस्ट-पंक म्हणतात, हे डावरीनं कुठूनसं शोधून काढलं. म्हणजे गिटार गोड वाजवायची नाही, खरवडायची. गाणारीनं गायचं कमी आणि सुनवायचं जास्त. बासनं मागं न राहता पुढं चालायचं. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळं कुणी अडवलंही नव्हतं.

ड्रम वाजवणारी खिळा. ड्रमचा संच तिनं जुन्या बाजारातून आणला. पायानं वाजवायचा जो मोठा ड्रम असतो, त्याच्या पुढच्या कातड्याला वीतभर गोल भोक होतं. खिळ्यानं त्यात हात घालून चाचपलं. आत मोकळं.

"अगं बाई! यातलं भरण सगळं गळून गेलंय की," ती म्हणाली.

आता सोफ्याच्या माणसाला भोक दिसलं की त्याच्या डोळ्यापुढं गळालेला कापूसच येणार. ते भोक आवाजासाठी मुद्दाम कापलेलं असतं, हे चौघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. खिळ्यानं फोमची कातरण गोळा केली आणि गादी भरावी तसा ड्रम भरला. आधी कडा, मग मधलं, मग मुठीनं ठासून. शेवटी गुडघा देऊन बघितलं. गच्च.

तो ड्रम कधी घुमला नाही. ओल्या ढेकळावर टाच पडावी तसा थप्प वाजायचा आणि तिथंच मरायचा. दोन थपांच्या मधे जी रिकामी जागा उरे, तिथं आजीची बोटं सावकाश येऊन बसायची. आजीच्या पाठोपाठ डावरीची खरवड, आणि त्यावर तोंडाळचं तोंड. एकेक गाणं असं त्या थपेवर रचलं गेलं. आल्बम होईल एवढी गाणी झाली.

मग एक स्टुडिओवाला भेटला. टायरच्या दुकानाखालच्या तळघरात त्याचा स्टुडिओ. माणूस जाणता होता, तोंडाचाही बरा. म्हणाला, "या, वाजवा. चांगलं झालं तर आल्बम मीच काढतो."

सामान मांडलं. स्टुडिओवाल्यानं मोठ्या ड्रमला माइक लावायला भोकात हात घातला आणि तसाच थांबला.

"हे काय आहे?"

"भरण," खिळा म्हणाली.

त्यानं ओढायला सुरुवात केली. फोम निघाला, आणखी निघाला, रेक्झिनच्या पट्ट्या निघाल्या, आणि शेवटी काकांची मोजपट्टी निघाली. ती हरवली म्हणून काकांनी अर्ध्या कारखान्यावर चोरीचा आळ घेतला होता. सगळे हसले. खिळाही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"अगं, आत एखादी चादर ठेवतात, हलकीशी. हा तू पुरून टाकलास," स्टुडिओवाला म्हणाला. "आता वाजव."

वाजवलं. ड्रम घुमला, अगदी गडगडला. आणि गाण्याचा चेंदामेंदा झाला. त्या घुमण्यात आजीची बोटं बुडाली, आजी बुडाली तशी डावरी सैरभैर झाली, आणि तोंडाळ शब्द सोडून नुसतीच ओरडत राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याहून वाईट.

"तुझा पाय जड पडतोय," स्टुडिओवाला म्हणाला. "माझा भाचा ड्रम वाजवतो. वरच बसलाय. त्याला बोलवू का? फक्त रेकॉर्डिंगपुरतं."

खिळ्यानं बाकीच्या तिघींकडं बघितलं. डावरी गिटारच्या तारा पुसायला लागली. तारा स्वच्छच होत्या. आजी खाली बघत राहिली.

"खिळ्या, ऐक ना," तोंडाळनं गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज काढला. "स्टेजवर तूच. फोटोत तूच. नावसुद्धा तुझंच टाकू."

"वाजवणार तो आणि नाव माझं?"

"लोकांना थोडंच कळतंय!"

"मला कळेल ना. मी काय मेलेय का?" खिळा उठली. "आणि तू हा औषधवाला आवाज माझ्याशी काढू नकोस. मला खोकला झालेला नाही."

"मग काय करायचं? ही संधी घालवायची? तुझ्या एकटीच्या हट्टापायी?" आता तोंडाळचा खरा आवाज आला. "मी रोज त्या काउंटरमागं उभी राहून मरते. मला हा आल्बम पाहिजे!"

"मलाही पाहिजे. पण त्यात मी पाहिजे."

भाचा खाली आला. भला माणूस, हाताचाही साफ. एक गाणं त्यानं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तिघींबरोबर घड्याळासारखं वाजवून दिलं. खिळा भिंतीला टेकून ऐकत होती. वाईट नव्हतं, तेच तिला झोंबलं. गुळगुळीत होतं. टूथपेस्टच्या जाहिरातीमागं लावलं असतं तर छान चाललं असतं.

गाणं संपलं तशी आजीनं गळ्यातला बासचा पट्टा काढला. "मला जागाच सापडत नाही," ती सावकाश म्हणाली. "हा बरोबर वाजवतो. पण मी शिरू कुठून?"

खिळ्यानं जमिनीवर पडलेला फोम कवळ्यात घेतला आणि ड्रमपुढं फतकल मारली.

"काय करतेस?" स्टुडिओवाला म्हणाला.

"भरतेय. चुकून भरला होता, कळलं मला. अडाणीपणा झाला. पण सगळी गाणी त्या चुकीवर रचलीत. आता चूक काढून घेतली तर वरचं सगळं खाली येणार." ती कडा ठासत होती. "मी असं वाजवते. एकदा ऐका. नाही जमलं तर मी स्वतः तुमच्या भाच्याला काठ्या देते आणि घरी जाते."

"लोकांना ड्रम असा ऐकायची सवय नाही, पोरी."

"मग लावू सवय."

त्यानं खांदे उडवले आणि काचेपलीकडं जाऊन बसला.

पहिलं गाणं फसलं. खिळ्याच्या हातात राग होता. ती इतकी पुढं पळाली की आजीसुद्धा जन्मात पहिल्यांदा धावली. तोंडाळनं भाच्याकडं बघितलं. ते खिळ्याला दिसलं.

"हे रागाचं होतं," खिळा म्हणाली. "आता कामाचं वाजवते."

तिनं मनगटं झटकली, स्टूल थोडं पुढं ओढलं आणि आजीकडं तोंड करून बसली. मोजणी दिली. थप्प. थप्प. मधे जागा, आणि त्या जागेत आजी येऊन बसली, घरच्या उंबऱ्यावर बसावं तशी. डावरीनं वरून खरवडायला घेतलं. तोंडाळ ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि आपली पाळी आली तेव्हा जे काही तिनं सुनवलं ते काउंटरवर एका शब्दानं जरी बोलली असती तर नोकरी गेली असती. शेवटच्या ओळीला तिचा आवाज मधोमध फाटला.

गाणं थांबलं. तोंडाळ हाशहुश करत म्हणाली, "शेवट परत घेऊ. माझा गळा गेला."

"नाही घ्यायचा," खिळा म्हणाली.

"अगं, फाटला आवाज! स्वतःच्या कानानं ऐकलंस ना?"

"फाटला तर फाटला. आल्बमवर मी माझ्या चुकीसकट बसणार, तशी तूही बस. का तुझ्यासाठी बोलवायची एखादी भाची?"

डावरी खिंकाळल्यागत हसली. तोंडाळनं मोठा श्वास घेतला. चार शब्द तोंडावर आले होते, पण तिनं ते गिळले आणि मानेनंच हो म्हटलं.

काचेपलीकडं स्टुडिओवाला गाणं मागं नेऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं भाच्याला हातानं खूण केली, वर जाऊन बस म्हणून. मग माइकवरून विचारलं, "मला अजून हे पटलेलं नाही. पण थांबू नका. पुढचं कुठलं?"

"आमचं सगळ्यात अवघड," खिळा म्हणाली आणि स्टूल पुन्हा पुढं ओढलं. "अंगात दम आहे तोवर तेच घेऊ."