चौकटीत दुमडलेला परिच्छेद

लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची बातमी तेवढी खरी, असं मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो. घरी येणाऱ्याला ट्रंक उघडून दाखवायचो. म्हैसुरात देवराज मार्केटमागच्या रद्दीवाल्यांकडून, हुणसूरकडच्या तंबाखूवाल्यांच्या बंगल्यांतून जमवलेली जुनी वर्तमानपत्रं, थेट रणांगणावरून धाडलेल्या बातम्यांची. कात्रणं करणाऱ्यांचा मला राग. पान कापलं की साक्ष कापली, असं सुनवायचो. मी स्वतः काय केलं ते मात्र कधी बोललो नाही.

राज्याचं नाव कर्नाटक झालं त्या सुमारास एका गठ्ठ्यात मला पहिल्या महायुद्धातलं मद्रासचं इंग्रजी साप्ताहिक सापडलं. पॅलेस्टाइनातल्या एका चकमकीची बातमी होती आणि तीत माझे आजोबा, म्हैसूरच्या घोडदळातले दफेदार, नावानिशी होते. आमच्याकडे त्यांची गोष्ट ठरलेली: मांडीत गोळी असताना त्यांनी गोळीबारातून घोडा माघारी आणला. बातमीचे पहिले दोन परिच्छेद शौर्याचेच होते. तिसऱ्यात लिहिलं होतं की दफेदार मेलेल्या घोड्याखाली अडकले होते आणि घोड्यांची निगा राखणारा एक लंगडा मोतद्दार पायी जाऊन त्यांना पाठीवर घेऊन आला.

हे आम्ही ऐकलेलं होतं. त्या मोतद्दाराचा नातू आमच्याच गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. दर खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीची पूजा व्हायची, तेव्हा तोही यायचा आणि माझ्या आजोबानं यांना पाठीवर आणलं, म्हणायचा. "खरारा करून वाकलेली पाठ ती, तिच्यावर दफेदार कुठले मावायला," असं माझे चुलते म्हणायचे. सगळे हसायचे. मीही.

त्या खंडेनवमीला मी ते पान तलवारीशेजारी चौकटीत ठेवलं, तिसरा परिच्छेद मागे दुमडून. इंग्रजी धड वाचणारा घरात मी एकटाच. दोन परिच्छेद मराठीत वाचून दाखवले. सायकलवाला दाराशी उभा होता.

"आमच्या अज्जाचं काही आहे का हो त्यात?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा ती गोष्ट काढली नाही. दर वर्षी यायचा, प्रसाद घेऊन निघून जायचा. गेल्या वर्षी तो वारला.

यंदा मी चौकट उघडली. पुतण्या म्हणाला, "काका, बिडि, सोडा आता. कोण विचारतंय?" जणू विचारणारा मेला की उत्तर माफ. मला त्याचा संताप आला, आणि हे तो कुणाकडून शिकला ते आठवून माझा स्वतःचा जास्त. त्या बातमीदाराचाही येतो. साहेबाच्या घोड्याचं नाव त्यानं छापलं, मोतद्दाराचं नाही.

सायकलवाल्याची मुलगी बेळगोळच्या कारखान्यात कामाला आहे. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी पान घेऊन गेलो, तिसरा परिच्छेद वाचला, आणि मी काय केलं तेही सांगितलं. तिनं पान हातात घेतलं नाही.

"अप्पांनी विचारलं होतं ना तुम्हाला, मामा?"

"विचारलं होतं."

"मग माझ्या घरात कशाला वाचता? जिथं हसलात तिथं वाचा."

हसणाऱ्यांपैकी आता आम्ही तिघेच उरलो आहोत. बाकी दोघांना खंडेनवमीचं बोलावणं मी स्वतः जाऊन केलं, काय वाचणार तेही सांगितलं. एकानं येणार नाही म्हणून कळवलंय. त्याच्या घरी जाऊन वाचीन. तिच्याकडून मोतद्दाराचं पूर्ण नाव मी विचारून आणलंय. बातमीत ते नाही, तरी त्या जागी वाचणार.