बॅरिकेडचं दुसरं टोक

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. जबलपूरच्या गढा भागातल्या त्या खड्ड्याचं प्रकरण मात्र मी विसरू शकलेलो नाही. त्यात दरोडा नव्हता, जुनं वैर नव्हतं. रस्ता खणलेला होता आणि एक माणूस त्यात पडून मेला होता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मावेल एवढीच गोष्ट.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. आमचं कुटुंब पिढ्यानपिढ्या जबलपूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. छातीवरच्या पट्टीवर आडनाव मराठी असल्यामुळे या शहरात नव्याने बदलून आलेली मराठी माणसं माझ्याशी पटकन बोलत. या प्रकरणात त्याचा उपयोग झाला, म्हणून सांगतो.

थंडीचे दिवस होते आणि लग्नसराई ऐन भरात होती. सकाळी, उजाडता उजाडता, ठाण्यात फोन आला. गढ्यातल्या एका गल्लीत सांडपाण्याच्या पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात स्कूटर पडली आहे, माणूस गंभीर आहे. आम्ही पोहोचेपर्यंत तो गेला होता. डोकं खालच्या सिमेंटच्या पाइपावर आपटलं होतं. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होता. दवाखाना उघडायला निघाला होता. धुकं होतं आणि गल्लीतला दिवा बरेच दिवस बंद होता.

तो चर दिवाळीच्या आधीपासून उघडा होता. अर्धा रस्ता त्याने खाल्लेला. काम नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं, पण एका ठेकेदाराकडे दिलेलं. कडेने लोखंडी बॅरिकेड ओळीने उभी होती. ती बघून माझा प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, ज्याला आम्ही सगळे हेडसाहेब म्हणायचो, माझ्या कानाशी म्हणाला, "साहब, बैरिकेड लगे हैं, तो गाड़ी अंदर कैसे गई?"

मी खाली वाकून पाहिलं. स्कूटरच्या चाकाची ओली खूण एका बॅरिकेडच्या बरोबर खालून गेलेली होती. म्हणजे स्कूटर गेली तेव्हा बॅरिकेड तिथे नव्हतं. ते नंतर आणून ठेवलं होतं.

"ठेकेदार के आदमी ने रखा है, अभी-अभी!" गर्दीतून आवाज आला. बोलणारा गल्लीच्या तोंडाशी विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा माणूस होता. सगळे त्याला भैयाजी म्हणत. कोणाचं मीटर जळालं, कोणाच्या घरी मयत झाली, की पहिला धावणारा हाच. नाली तुंबली तर स्वतः बांबू घेऊन उतरणारा. मी त्याला आधीपासून ओळखत होतो आणि माणूस म्हणून मला तो आवडायचा.

ठेकेदाराचा सुपरवायझर जवळच पाइपांच्या ढिगाशेजारी पत्र्याच्या खोलीत राहायचा. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "सर, कल शाम तक सब लगे हुए थे. माँ कसम."

दुपारी पोस्टमार्टेम होऊन मृतदेह आला आणि लोकांनी तो मुख्य रस्त्यावर ठेवून चक्काजाम केला. सगळ्यांच्या पुढे भैयाजी. आवाज बसेपर्यंत ओरडत होता. ठेकेदार शहराबाहेर निघून गेला होता. जमाव वाढत गेला, वरून फोनावर फोन आले आणि अखेर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून सुपरवायझरला अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्याची रवानगी तुरुंगात केली. चाकाची खूण त्याच्या विरोधात होती. गल्लीतल्या प्रत्येकाचा जबाबही त्याच्या विरोधात होता.

हेच मला खटकलं. एका घटनेबद्दल दहा माणसं बोलली की चार तरी वेगळ्या गोष्टी निघतात. कोणाला वेळ आठवत नाही, कोणी भलत्याच माणसाला पाहिलेलं असतं. इथे सगळे एकच वाक्य बोलत होते, "बैरिकेड तो कभी लगे ही नहीं." बायकाही तेच आणि म्हातारेही तेच.

जबाबांसाठी आम्ही घरोघर फिरत होतो. एका घराच्या वरच्या मजल्यावर नागपूरहून बदलून आलेली एक बँक अधिकारी भाड्याने राहत होती. तिचे घरमालक आमच्यासोबतच जिना चढून वर आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. तिने हिंदीत ठरलेलं उत्तर दिलं, "मैंने कुछ नहीं देखा." मग माझ्या नावाच्या पट्टीकडे बघून एकदम हसली आणि गावाकडची चौकशी करावी तशा सुरात मराठीत म्हणाली, "तुम्ही आमच्याकडचेच दिसता. मराठी समजते ना?"

"समजते की. घरी तेच बोलतो," मी म्हणालो.

"मग हसत हसत ऐका, साहेब. आदल्या संध्याकाळी समोरच्या घरी लग्नाची मिरवणूक आली होती. गाडीला वाट पुरत नव्हती, म्हणून ते लोखंडी कठडे उचलून ठेवले. कोणी, ते मी नाही सांगणार. मला इथंच राहायचं आहे. पण तो पत्र्याच्या खोलीतला पोरगा उगाच तुरुंगात बसून राहिला आहे."

घरमालकांनी विचारलं, "क्या कह रही हैं मैडम?"

"नागपूरच्या संत्र्यांचं सांगून राहिल्या," मी मराठीतच म्हणालो आणि मग हिंदीत समजावून सांगितलं. तेही हसले. मी तिने दिलेला चहा संपवून खाली उतरलो.

आता मी बॅरिकेड नीट तपासली. आधी आम्ही ती कुठे होती एवढंच पाहिलं होतं, त्यांच्यावर काय आहे ते पाहिलं नव्हतं. एका बॅरिकेडच्या पायाला सुतळीची गाठ होती आणि त्या गाठीत गुलाबी कापडाची चिंधी अडकलेली होती. सुपरवायझरची माणसं गुलाबी झालर बांधत नाहीत. मी ते बॅरिकेड पंचांसमोर जप्त केलं आणि त्या लग्नाच्या मांडववाल्याला ठाण्यात बोलावलं.

मांडववाला सरळ माणूस होता. चिंधी पुढे ठेवताच त्याने ओळखली. "हमारी ही है साहब. बॅरिकेड गल्लीतल्या शाळेच्या भिंतीला लावून ठेवलेली होती. झालर आणि लाइटची माळ बांधायला आम्हाला आधार पाहिजे होता, तर त्यांनाच बांधली."

"भिंतीपाशी कोणी नेली?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "भैयाजी ने."

मी भैयाजीला गाडी पाठवून आणलं नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना हेडसाहेबांकरवी निरोप दिला, सवडीने या. तो लगेच आला. चेहरा सुकलेला होता. मी त्याला लॉकअपच्या बाजूला नाही, माझ्या टेबलासमोर बसवलं, चहा मागवला आणि ती चिंधी टेबलावर ठेवली. आरडाओरडा करायची गरज नव्हती. जो माणूस स्वतःशीच भांडून थकलेला असतो, त्याला फक्त बोलायला जागा द्यावी लागते.

त्याने चिंधी हातात घेतली. चहावर साय आली. मग बोलला.

"नवऱ्याची गाडी अडकली होती साहब. मुलीच्या बापाला घाम फुटला होता. व्याही रागावून म्हणत होते, ऐसी गली में क्यों बुलाया. मी म्हटलं, चलो, दोन हात जागा करून देतो. बॅरिकेड काढली तर गाडी जाते. गेली पण. मग जेवणं, फोटो, पहाटे मुलीची पाठवणी. मुलीच्या भावाला सांगितलं होतं, नंतर लावून टाक. त्याला वाटलं मी लावीन. मला वाटलं तो लावेल."

"आणि सकाळी परत कोणी ठेवली?"

"मीच. कंपाउंडरना वर काढल्यावर. आणखी कोणी पडू नये म्हणून." तो थांबला. "नंतर लोक म्हणायला लागले, ठेकेदाराने ठेवली. मी नाही म्हटलं नाही. खरं तर पहिल्यांदा मीच म्हटलं."

"चक्काजाममध्ये एवढं ओरडत होतास, काहून?"

"गप्प राहिलो असतो तर पागल झालो असतो, साहब."

मी विचारलं, "बॅरिकेड उचलायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

"मी एकट्यानेच नेली."

मी त्याला ठाण्याच्या आवारात नेलं. जप्त केलेलं बॅरिकेड तिथेच होतं. म्हटलं, उचल. त्याने जोर लावला, एक बाजू वर आली, दुसरी जमिनीवर घासत राहिली. फरशीवर ओरखडा उमटला. शाळेच्या भिंतीपर्यंत असा एकही ओरखडा मी पाहिला नव्हता. तो माझ्याकडे बघेना. "एकट्यानेच नेली," एवढंच पुन्हा म्हणाला. मला वाटलं, मुलीच्या भावाला वाचवतो आहे. पण त्या पोराला वेगळं बसवून विचारलं, तर तो त्या वेळी गाडीसोबत चौकात उभा होता आणि ते खरंही निघालं.

संध्याकाळी भैयाजीने एक विनंती केली. "जो लिखना है लिखिए. पण भाभीजींना माझ्या तोंडून कळू द्या. पेपरातून नको." भाभीजी म्हणजे कंपाउंडरची बायको. नियमात असं काही बसत नाही. पण तिचा जबाब मला पुन्हा घ्यायचाच होता. मी हेडसाहेबांना सोबत घेतलं आणि आम्ही तिघे गेलो.

ती पाठीमागच्या खोलीत सतरंजीवर बसली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी शेजारी. भैयाजी दारातच खाली बसला. हात जोडले. म्हणाला, "भाभी, बैरिकेड मैंने हटाए थे."

ती शांतपणे म्हणाली, "पता है."

ती भैयाजीकडेच बघत पुढे म्हणाली,

"मी गच्चीवर होते. दोघांनी उचलली होती. एक बाजू तुम्ही धरली होती, एक यांनी. मी वरून ओरडले, कमर का ध्यान रखो. हे हसले. म्हणाले, मोहल्ले की बेटी है, कमर बाद में देखेंगे."

मुलगी रडायला लागली. भैयाजीने कपाळ चौकटीला टेकवलं. तेव्हा मला कळलं की तो ठाण्यात कोणाला वाचवत होता.

मी विचारलं, "मग तुम्ही हे आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते? अपनी करनी से गया. मग त्या ठेकेदाराला कोणी विचारलं असतं, की इतके महिने रस्ता उघडा का? दिवा बंद का?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सगळे गप्प बसले, ते काय एकट्या भैयाजीसाठी? यांच्यासाठीही बसले. यांनी गल्लीतल्या कोणाला इंजेक्शन दिलं नाही सांगा."

मी तिला सुपरवायझरबद्दल सांगितलं. तो तुरुंगात आहे, त्याचे वडील गावाहून येऊन ठाण्याबाहेर बसलेले असतात. तिने मुलीचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "लिहून घ्या. सगळं लिहा. फक्त यांचं नाव येईल तिथे लिहा की मदत करत होते. तेच करत होते."

तिचा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला. ते वाक्य तिने सांगितलं तसंच ठेवलं. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता.

पुढचं थोडक्यात. सदोष मनुष्यवधाचं कलम कमी होऊन निष्काळजीपणामुळे मृत्यूचं लागलं. सुपरवायझर जामिनावर सुटला आणि पुढे त्याचं नाव वगळलं गेलं. बातमी फुटल्यावर ठेकेदार मिठाईचा डबा घेऊन माझ्याकडे आला. "साहब, आपने तो बचा लिया," म्हणत खुर्चीवर बसला. मी त्याला उभं केलं आणि सांगितलं, दोषारोपपत्रात पहिलं नाव तुझं आहे. चराला दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, मुदत उलटून गेली तरी भराव नाही, पहारेकरी नाही. भैयाजीचं नाव दुसरं. डबा ठेकेदाराच्याच हातात परत गेला.

न्यायालयात भैयाजीने गुन्हा नाकारला नाही. कंपाउंडरची बायको साक्षीला आली आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. ठेकेदार आणि भैयाजी, दोघांना शिक्षा झाली. भैयाजीची सौम्य होती, पण ऐकताना ती हलकी वाटली नसावी. त्यानंतर त्याने दुकान मुलाकडे सोपवलं आणि पुढारपण सोडलं. गल्लीतला चर मात्र माणूस गेल्यावर आठवडाभरात भरला गेला आणि वर डांबरही पडलं. इतक्या महिन्यांत जे काम जमलं नव्हतं, त्याला तेवढाच वेळ लागणार होता.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. सगळी वस्ती मिळून खोटं बोलत असेल, तर ती भीतीनेच बोलते असं धरून चालू नये. प्रेमानेही माणसं तितकंच ठाम खोटं बोलतात आणि ते फोडायला जास्त वेळ लागतो. दुसरी गोष्ट अगदी साधी आहे. रस्ता फार दिवस खणलेला राहिला की लोकांना धोका दिसेनासा होतो, फक्त अडचण दिसते. आणि अडचण दूर करणारा माणूस सगळ्यांनाच भला वाटतो. त्या संध्याकाळी तर तो भलाच होता.

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत नगर निगम, ठेकेदार आणि पोलीस यांच्या बैठकांना मी बसायचो. रस्ता कोण खणणार, पाइप कोण टाकणार, वाहतूक कुठून वळवणार, यावर सगळे भरभरून बोलायचे. शेवटी मी एकच विचारायचो, काढलेलं परत जागेवर ठेवण्याची जबाबदारी कोणाची? तेव्हा बहुतेक वेळा सगळेजण एकमेकांकडे बघायचे.