गच्चीवरचा दुधी

नंदकुमार टिपणीसला सतार येते असं म्हणणं हा सतारीवर अन्याय झाला असता. पंचवीसेक वर्षं तो वाजवत होता आणि यमन सोडून जरा बाहेर पडला की त्याची बोटं अजून पत्ता विचारत फिरायची. पण सतारीच्या पोटात काय असतं, ते अख्ख्या मुलुंड पूर्वेत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तारा ज्या घोडीवरून जातात ती हाडाची असते असं कळलं, तेव्हा हा गृहस्थ विमा कंपनीतली अर्धी रजा खर्चून देवनारच्या कत्तलखान्यात जाऊन आला, कुठलं हाड किती टणक ते हातात घेऊन बघायला. घरी आल्यावर बायकोने, अस्मिताने, त्याला पिशवीसकट न्हाणीघरात पिटाळलं. नसती उठाठेव हा शब्द त्या घरात दिवसातून दोनदा तरी निघायचा.

वाद्यं झाली की घरातल्या वस्तूंची पाळी. सिलिंडरला टिचकी मारून गॅस किती उरलाय ते तो सांगायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. पितळी पातेलं आणि स्टीलचं पातेलं शेजारी ठेवून वाजवायचा, वरण जळेपर्यंत. मिक्सर मात्र त्याला पक्के ठाऊक होते. इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या, आणि सकाळी कुणाच्या चटणीचा सूर कुठला, हे तो चहा पिता पिता ओळखायचा. शेजारच्या परबांचा मिक्सर त्याचा लाडका. तो म्हातारा झाला होता. आधी घरघरायचा, मग घसरायचा आणि शेवटी पंचमावर येऊन बसायचा. अस्मिता म्हणायची, लोक चटणी वाटतात आणि तुला त्यात मैफल ऐकू येते.

हे परब म्हणजे गुणाजीभाऊ. गिरणी होती तोवर गिरणीत, पुढे मिळेल ते काम, आणि मुलगा निलेश चांगल्या नोकरीला लागल्यावर भिंतीला भिंत लावून टिपणिसांचे शेजारी. भजनाला बसणारा माणूस. नंदकुमारची सतार भिंतीतून ऐकून दुसऱ्या दिवशी, काल तिसऱ्या पडद्यावर अडखळलास, असं बिनदिक्कत सांगणारा इमारतीतला एकमेव श्रोता. दोन्ही घरांत वाट्यांची ये-जा होती. परबांकडून भाऊंच्या बायकोची, शेवंतीवहिनींची, काळ्या वाटाण्याची आमटी यायची, इकडून अस्मिताचा शिरा जायचा. आलेल्या वाटीचं झाकण काढून आत डोकवायची रीत नव्हती, वाटी सरळ पानाशी जायची.

वर्षभरापूर्वी गुणाजीभाऊंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि कुणीतरी त्यांना दुधीच्या रसाचं वेड लावलं. रोज सकाळी पेलाभर रस. मधूनमधून कारल्याचा, कडुनिंबाचा. डोळे मिटून घटाघटा पिऊन टाकायचे आणि मिशी पुसत म्हणायचे, औषध कडूच आसता.

आता त्या भोपळ्याचं. नंदकुमार मिरजेला सतारीचं काम करून घ्यायला गेला होता. तिथल्या कारागिराच्या माळ्यावर तंबोऱ्यांचे वाळके भोपळे टांगलेले पाहून त्याच्या डोक्यात किडा शिरला, की हे फळ वेलावर कसं दिसत असेल? आपल्या हाताने वाढवलेला भोपळा, त्याचा आपल्या घरी तंबोरा! कारागिराने हसत चार बिया दिल्या आणि एक गोष्ट बजावून सांगितली. दिसायला हा आपल्या दुधीचा सख्खा भाऊ, पण कडू जहर. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पोरंबाळं असतील तर सांभाळा.

घरात पोरंबाळं नव्हती, पण सोसायटी होती, आणि सोसायटीत सेक्रेटरी अनिरुद्ध होता. गच्चीवर कुंडी ठेवायची नाही हा त्याचा नियम. तंबोऱ्यासाठी भोपळा लावतो म्हटलं असतं तर मीटिंगभर हशा पिकला असता आणि परवानगी गेली असती उडत. नंदकुमारने सरळ सांगून टाकलं, दुधी लावतोय, आला की घरटी एक. फुकटचा दुधी म्हटल्यावर नियम मऊ झाला. अस्मिताने त्याच रात्री त्याला टोकलं होतं, की खरं काय ते सांगून ठेव. तो म्हणाला, सांगू की, फळ धरू दे आधी. फळ धरलं तरी सांगणं राहूनच गेलं.

दिवाळी उलटली तोवर वेल टाकीच्या जिन्याला मिठी मारून बसला होता. एक भोपळा कळशीएवढा झाला होता, तो तंबोऱ्याचा. दुसरा लहान, गोल, कोवळा. तो खरं तर खुडून टाकायचा, पण नंदकुमारने ठेवला होता. वाळला की त्याची एकतारी करायची आणि गुणाजीभाऊंच्या हातात द्यायची, असं त्याच्या मनात होतं. हे त्याने अस्मितालाही सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी तो पाणी घालायला गच्चीवर गेला आणि लहान भोपळा जागेवर नव्हता. देठ सुरीने स्वच्छ कापलेला. माकडाचं काम नव्हे, माणसाचं.

त्याचं डोकंच फिरलं. चार महिने पाण्याच्या बादल्या वाहिल्या त्या याच्यासाठी? तिथेच उभं राहून त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "गच्चीवरचा दुधी कोणीतरी चोरला आहे. ज्याने चोरला त्याला लाज वाटली पाहिजे." कुणीतरी हसणारं तोंड पाठवलं. अनिरुद्धने लिहिलं, टिपणीस, घरटी एक म्हणाला होतात, मग चोरी कसली? नंदकुमार फणफणत खाली आला आणि अस्मिताला सगळं सांगायला लागला.

तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "नंदू, नेला त्याने खाल्ला तर?"

एवढ्याने त्याचा राग जो उतरला, तो पायांपर्यंत उतरला. रागाच्या भरात त्याला फक्त आपली एकतारी दिसली होती. त्या फळात काय आहे, हे इमारतीत फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं या स्वयंपाकघरात उभी होती.

त्याने फोन उचलला. तो दुधी नाही, विषारी आहे, कुणी खाऊ नका, एवढंच लिहायचं होतं. दोन शब्द लिहिले आणि बोट थांबलं. हे वाचलं की अनिरुद्ध तासाभरात माळ्याला वेल तोडायला वर पाठवणार. मोठा भोपळा अजून हिरवा होता, आत्ता तोडला तर सडून जाणार. आणि इतके महिने खोटं बोललास, हे सगळ्या इमारतीसमोर ऐकून घ्यायचं ते वेगळंच. त्यातून त्याला एक पळवाट सुचली. भाजी करणारी बाई आधी फोड चाखते, कडू लागली की टाकून देते. धोका रसाचाच, आणि रस पिणारं घर एकच. तिथे जाऊन हळूच विचारून यावं, म्हणजे गावभर बोभाटा करायला नको. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की किती हुशार होतो!

परबांचं दार शेवंतीवहिनींनी उघडलं, पण अर्धंच. एरवी आत या म्हणणाऱ्या वहिनी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. नंदकुमारने विचारलं, "वहिनी, वरचा दुधी तुमच्याकडे आलाय का हो?"

त्यांनी नजर खाली वळवली. "नाय हो भावजी. आमी कशाक घेव?"

त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने दुसरा प्रश्नच विचारला नाही. शेवंतीवहिनी खोटं बोलतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. बरं बरं म्हणून तो परतला आणि अस्मिताला म्हणाला, त्यांच्याकडे नाहीये.

अस्मिता त्याच्याकडे बघत राहिली. "पण तो कडू आहे, खायचा नाही, हे सांगितलंस का?"

"त्यांनी घेतलाच नाही तर..."

"सांगितलंस का नाही?"

त्याच क्षणी डक्टमध्ये मिक्सर सुरू झाला. आधी घरघरला, मग घसरला आणि पंचमावर येऊन बसला.

आज रस उशिरा निघत होता. बाजारातला दुधी असेल, रोजचाच असेल, असं मनाशी म्हणता आलं असतं. नंदकुमारला ते म्हणवेना. वहिनींनी नजर खाली वळवली होती, ते त्याला आत्ता दिसलं. त्याने खिडकीतून डक्टमध्ये तोंड घालून हाक मारली, वहिनी, थांबा. मिक्सरच्या आवाजापुढे त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार! मग मिक्सर थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

तो अनवाणी धावला. बेल दाबली. आत दाराशी पावलं आली आणि थांबली. दाराच्या भिंगातून कुणीतरी बघत होतं आणि दार उघडत नव्हतं. तो पुन्हा चोरी विचारायला आलाय असं वाटून वहिनी आत कडीवर हात ठेवून उभ्या होत्या, हे त्याला कळलं. त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं.

"वहिनी, दुधी नाहीये तो! विष आहे! मी खोटं बोललो होतो सगळ्यांना, भाऊंना देऊ नका!"

जिन्यातली दारं एकेक करून उघडली. पुढल्या काळात या वाक्याची इमारतीत बरीच चर्चा झाली, पण तेव्हा त्याला त्याचं भान नव्हतं. दार उघडलं ते सुनेने, जान्हवीने. ऑफिसला निघायच्या तयारीत होती. तिच्या मागे खुर्चीत गुणाजीभाऊ बसले होते. पेला रिकामा होता, आणि ते मिशी पुसत होते.

"आज जरा जास्तीच कडू होतो," ते म्हणाले.

अनिरुद्धशी नंदकुमारचं कधी जमलं नाही, पण गाडी काढली ती अनिरुद्धनेच, एक शब्द न विचारता. टोल नाक्याच्या सिग्नलला गुणाजीभाऊंना पहिली उलटी झाली. हॉस्पिटलच्या दारात झाली तिच्यात रक्त होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा रस, हे उत्तर नंदकुमारला दोनदा द्यावं लागलं, कारण पहिल्यांदा त्या तरुण डॉक्टरला ते खरंच वाटलं नाही. मग त्याने सांगितलं, याच्यावर उतारा नसतो. रक्तदाब सांभाळायचा, सलाईन द्यायचं आणि वाट बघायची. दुबळं हृदय होतं, त्यामुळे पुढचं काही तो बोलेना.

नंदकुमारने वाट बघितली. निलेश आला, त्याच्याकडे न बघता आत गेला. शेवंतीवहिनी बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. नंदकुमारने त्यांच्यापुढे हात जोडले. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या हळूच, जणू आपलाच गुन्हा सांगत असाव्यात तशा बोलायला लागल्या.

"तुमी घरटी एक म्हटलेलास, म्हणान काल मी एक घेतलंय. मगे जान्हवीन ता चोराचा वाचून दाखवल्यान. माका मेल्याहून मेल्यासारख्या झाला." त्या थांबल्या. "ठेवून दिलेलंय मी तो, भावजी. आज काय काढूचय नव्हतंय. तुमी दारात विचारूक इलास, म्हणान घाईघाईन रस काढलंय. घरात तो दिसूक नको म्हणान."

पलीकडच्या बाकावर अस्मिता होती, तिने ऐकलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

गुणाजीभाऊ वाचले. अतिदक्षता विभागातले दिवस कसे गेले ते दोन्ही घरांना माहीत, पण ते वाचले. त्यांच्या उलटीतलं रक्त थांबलं, रक्तदाब वर आला, आणि शुद्धीत आल्यावर त्यांनी आधी चहा मागितला. निलेश महिनाभर नंदकुमारशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

वेल दुसऱ्या कुणाला तोडावा लागला नाही. पहिल्याच दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमधून येऊन नंदकुमार कोयता घेऊन वर गेला होता. कळशीएवढा भोपळा त्याने दोन हातांनी उचलला, त्याला सवयीने एक टिचकी मारली, आणि मग त्याचे बारीक तुकडे केले, कचऱ्यातसुद्धा कुणाला फळ म्हणून ओळखू येऊ नये इतके. ग्रुपवर सगळं खरं लिहिलं.

भाऊ घरी आल्यावर पंधरा-एक दिवसांनी अस्मिताने शिरा केला. नेहमीच्याच वाटीत घालून, झाकण ठेवून, ती म्हणाली, आज तू घेऊन जा. नंदकुमार बराच वेळ वाटी धरून आपल्याच दारात उभा राहिला आणि मग गेला.

गुणाजीभाऊ त्याच खुर्चीत होते, कपड्यांत हरवल्यासारखे. त्याला बघून हसले. म्हणाले, सतार ऐकूक येत नाय ती, तार तुटली की काय? शेवंतीवहिनींनीही हसून वाटी घेतली, बसा म्हणाल्या, चहा टाकते म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही आढी नव्हती.

मग त्यांनी झाकण काढलं. दोन बोटांनी चिमूटभर शिरा उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि तोंड मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यात दाखवायचं असं काही नव्हतं. आपण काय करतोय हे बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नसावं. घास गिळला, मान डोलावली, आणि मग वाटी गुणाजीभाऊंच्या हातात दिली.

"गोड झालोहा," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.