नेहमीच्या दिशेने

नवीन जालन्यातल्या आमच्या घरात संध्याकाळी सोफा भिंतीला सरकवला जायचा आणि मी मोठ्याने वाचायला लागायचो. वाचायचो ती शंभरएक वर्षांपूर्वीची, टँगो हा जोडीचा नाच शिकवणारी इंग्रजी पुस्तकं. इंटरनेटवर सापडलेली, स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणलेली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, बायकोनं शाळेत गणित. निवृत्तीनंतरचा हा नाद तिचा. रॅगटाइम या जुन्या अमेरिकन संगीताच्या काळातली एक मूक फीत तिनं पाहिली होती, लांब झग्यातल्या बायकांची. म्हणाली, "अहो, पुस्तकात वाचून लोणचं घालता येतं, तर नाच का नाही?"

शिकवायला कोणी नव्हतं. मी एक वाक्य मराठीत सांगायचो, ती पाऊल टाकून बघायची. कामाच्या मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या.

"बाई, सरांना धरून कुठं नेऊन राह्यल्या?"

"नेत न्हाई मावशी, पडू नयेत म्हणून धरलंय."

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'जोडप्यांनी खोलीभर नेहमीच्या दिशेने फिरावे.' वाक्य सोपं होतं. आम्ही फिरायला लागलो.

तिला एकच गोष्ट हवी होती. न अडता खोलीची एक पूर्ण फेरी. ती कधी झाली नाही. नाचात एका ठिकाणी दोघांनी शेजारीशेजारी चालायचं होतं. तिथं पुस्तक म्हणायचं, जोडलेले हात पुढे आणि पुरुषाची पाठ खोलीच्या मध्याकडे. आमचे हात पुढे आले की माझी पाठ भिंतीकडे व्हायची. पाठ मध्याकडे केली की हात मागच्या बाजूला जायचे. पुन्हा पहिल्यापासून.

"छापणाऱ्यानं घोळ घातलाय," मी म्हणालो.

"एकानं घालावा. सगळ्याच पुस्तकांनी?"

"एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल."

"बघून लिहिणारी पोरं मी जन्मभर पकडली, अहो. हे तसं न्हाई. आपणच काहीतरी धरून चाललोय." आणि हसली. "फेरी झाल्याशिवाय मी काही सोडत नसते."

या उन्हाळ्यात एका सकाळी ती चहा टाकायला आत गेली. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठलो. ती ओट्याखाली पडली होती. दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहिलं.

आम्हाला मूलबाळ नाही. अग्नी मी दिला. मग पाण्याचं मडकं कोणीतरी माझ्या खांद्यावर ठेवलं आणि मी चितेभोवती चालायला लागलो.

"आरं, तिकडून न्हाई!" वाटूरचे माझे थोरले चुलतभाऊ ओरडले. "देवाची प्रदक्षिणा हाय का ती? उलट्या अंगानं फिर."

त्यांनी खांदे धरून मला फिरवलं. चिता डाव्या हाताला आली. मागून कोणीतरी मडक्याला दगड मारला, पाण्याची धार लागली, आणि मी जागीच थांबलो.

नेहमीची दिशा. देवळात, लग्नाच्या होमाभोवती, तुळशीभोवती, जन्मभर आम्ही मध्य उजव्या हाताला ठेवून फिरलो होतो. नाचातही तसेच फिरलो. यावर आमचं कधी बोलणंसुद्धा झालं नाही. आणि पुस्तकं लिहिणाऱ्या त्या लोकांची नेहमीची दिशा ही होती, आम्ही फक्त मेलेल्या माणसाभोवती चालतो ती. उभ्या उभ्या मनातल्या मनात मी तिचा हात धरून पुढे केला. पाठ आपोआप मध्याकडे झाली. बराबर. कुठं अडत नव्हतं. तिनं मागितलेली फेरी इतकी सोपी होती.

"चाल बाबा, चाल," भाऊ हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. मला रडू येतच नव्हतं. मी पुढे चालायला लागलो. फेऱ्या संपल्या. मडकं मागे टाकलं, फुटल्याचा आवाज झाला. भावांनी दंडाला धरलं.

"आता मागं पाहायचं न्हाई. सरळ गेटकडं."

चार पावलं गेलो असेन. इतक्या दिवसांचं कोडं सुटल्यावर माणूस काय करतो? ज्याला सांगायचं त्याच्याकडे वळतो. मी वळलो.

"आरं, काय करून राह्यला!" भावांनी दंड घट्ट आवळला.

"एक मिनिट," मी म्हणालो. "तिला सांगू द्या."