अहो, विचारतंय ते

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटरचं अपग्रेड. दुपारची जेवणं झाली होती. वत्सला, माझी बायको, पडद्यासमोर बसलेली आणि मी शेजारी स्टुलावर. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत होत्या. मध्येच थांबल्या की ती म्हणायची, "अहो, विचारतंय ते." मग मी वाय दाबायचं. वाय म्हणजे हो. इंग्रजीतलं तेवढं एकच अक्षर मला नेमून दिलेलं होतं.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. ती सातवी शिकलेली आणि एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत सेविका. झाडता-पुसता, मशीन चालू-बंद करता करता तिथल्या सरांकडून लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवायची फुकट मिळणारी प्रणाली, शिकली. निवृत्त झाली त्या दिवशी कॉलेजनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि रिक्षात घालून विश्रांतवाडीला आणला. मी म्हटलं, "लोकांना साडी देतात, तुला भंगार दिलं." ती म्हणाली, "साडी पण दिलीय. ती ट्रंकेत मावेल. याला जागा करा."

तो डबा फार रखडायचा. एक फोटो उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. बुधवार पेठेतला कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "मावशी, नवीनच घ्या." ही म्हणाली, "तुमचं दुकान तरी कुठं नवीन आहे? आलोच ना आम्ही?" घरी येऊन तिनं डेस्कटॉपच बदलायला घेतला. मला कळावं म्हणून माझ्या धंद्यातलं सांगितलं. "मशीन म्हणजे जोतं आणि भिंती. डेस्कटॉप म्हणजे आतली मांडामांड. आधीची मांडामांड श्रीमंताघरची होती, या भिंतींना पेलत नव्हती. आपल्यापुरती हलकी घालते." तीन दिवस खपली. चौथ्या दिवशी डबा पळायला लागला. विहारातल्या बायका येऊन बघून गेल्या.

चालू केलं की पहिल्या पानावर दोन नावं येत. एक वत्सला. दुसरं माझं, पण तिथं तिनं 'अहो' लिहिलं होतं. मी म्हणालो, "माझं नाव घालायचं ना." तर म्हणाली, "मी कधी तुमचं नाव घेतलंय? मशीनला कशाला वाईट सवय लावू?" मला बारीक दिसत नाही, म्हणून त्या पानाची अक्षरं तिनं आतली फाईल उघडून बोटभर उंच केली होती. आम्हाला मूलबाळ नाही. भाची मला मामा म्हणते, गल्ली मिस्त्री म्हणते. अहो म्हणणारी ती एकटीच.

मागच्या अपग्रेडला मी घोळ घातला. ती दूध बघायला आत गेली, ओळी थांबल्या, आणि मी वाय दाबून मोकळा झालो. तो प्रश्न निराळा होता. तुम्ही बदललेली फाईल ठेवू का नवी आणू, असं विचारत होता. नवी आली आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. दोन दिवस बसून तिनं परत मोठी केली. एवढंच म्हणाली, "जन्मभर मला कशाला हो म्हणाला नाहीत. म्हणालात ते इथं."

खरंच होतं ते. तिनं काही विचारलं की मी तंबाखू मळत बसायचो. साधी हाक मारली तरी ओ द्यायचो नाही. "नाही म्हणा हवं तर," ती म्हणायची, "पण विचारणाऱ्याला ताटकळत ठेवू नका."

त्या दुपारी तोच प्रश्न परत आला. माझं बोट वायकडे निघालं, तिनं मनगट धरलं. "इथं एन. एन म्हणजे आपलं जुनं राहू दे." मग म्हणाली, "जरा थांबा. कसंतरी होतंय मला. पडते थोडी, आल्यावर दाबू." पलंगापर्यंत गेली. थोड्या वेळानं मी हाका मारल्या, तिनं ओ दिली नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दिवेलागणीच्या आत डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. माझी भाची सुनंदा बाहेरची खोली मोकळी करत होती. टेबल सरकवायचं म्हणून तिनं वायरला हात घातला. "मामा, हे बंद करते."

"थांब," मी म्हणालो. "विचारतंय ते."

तिनं वायर सोडली. पडद्यावरच्या ओळी विझल्या होत्या. भलतंच बटण लागू नये म्हणून मी माऊस हलवला. प्रश्न कालच्या जागीच होता. मी स्टूल ओढलं, एन शोधला आणि दाबला. मग एंटर. ओळी पळाल्या, बराच वेळ पळाल्या, थांबल्या. शेवटी वत्सला एकदा बंद करून चालू करायची, तसं सुनंदाकडून करून घेतलं.

पहिलं पान आलं. अक्षरं बोटभरच होती. मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

अहो.

मी ओ दिली.