नर्सिम्लूचा स्वतःचा इंटरव्ह्यू

तुम्ही पोरांनी ग्रुपवर फुलं टाकली, दिवे टाकले, जोडलेले हात टाकले. लेजंड सर म्हणे. गुरुदेव म्हणे. एकानं तर लिहिलं, अमीरपेटचा सूर्य मावळला. अरे, तुमच्यातलेच कितीतरी जण त्याच्या मागं त्याला पोपट सर म्हणायचे, ते पण माझ्या मेसमध्ये बसून, माझ्याच भाताचा घास तोंडात धरून. मी वाढत होते, मला ऐकू येत होतं. आता म्हणता, बालमणी अक्का, सरांवर चार ओळी लिहा. माझी शाळा लहानपणीच सुटली. बोलते तसं फोनवर टाइप करतेय. गोड लागणार नाही, आधीच सांगते.

तो माझा धाकटा भाऊ. नर्सिम्लू. सिम्हा सर नव्हे. सिम्हा हे नाव क्लासच्या मालकानं काढलं. म्हणाला, "नर्सिम्लू नावाचा माणूस कॉम्प्युटर शिकवतो म्हटलं तर कोण येईल? हे नाव म्हशी राखायला ठीक आहे." आणि आमचा हा हसला! आईनं गुट्ट्याच्या टेकडीवरच्या देवाला नवस बोलून मिळवलेला मुलगा, देवाचंच नाव, आणि ह्यानं ते अर्ध्या कप चहाच्या गप्पांत देऊन टाकलं. मग काय, मेट्रोच्या खांबापासून मुतारीच्या भिंतीपर्यंत ह्याचा फोटो. 'जावा शिका सिम्हा सरांकडून.' फोटोत कोट आहे तो मालकाचा. डेटाबेसवाल्या सरांच्या फोटोतही तोच कोट आहे, नीट बघा, खिशाचा डाग पण तोच.

सूर्यापेटकडून तो इथं, अमीरपेटच्या क्लासांच्या गल्ल्यांत आला तो शिकवायला नव्हता आला. नोकरी मिळवायला आला होता, तुमच्यासारखाच, पत्र्याची पेटी घेऊन. डोकं होतं. हॉस्टेलमधली सगळी खोली रात्री त्यालाच विचारायची. पण इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसला की संपलं. घाम फुटायचा, जीभ टाळूला चिकटायची, नाव विचारलं तर वडलांचं सांगायचा. एका ठिकाणी साहेबांनी पाणी दिलं तर ते पिऊन थँक्यू म्हणून उठून घरीच आला. माझा नवरा यादय्या त्याला म्हणायचा, "तू म्हणजे काठावर उभा राहून गावाला पोहायला शिकवणारा आहेस बघ, स्वतः गुडघाभर पाण्यात बुडशील." तेच झालं. नोकरी लागली नाही, आणि दुसऱ्यांना नोकरी कशी लागते ते शिकवायला तो जिथं शिकला त्याच क्लासात राहिला.

आणि काय शिकवायचे तिथं! मी बारा महिने ऐकलंय. संध्याकाळी मेसमध्ये तुम्ही ताटं समोर घेऊन एकमेकांना विचारायचा. तुमच्याबद्दल सांगा. लगेच दुसरा सुरू, मी कष्टाळू आहे, मी लवकर शिकतो, मला पुस्तकं वाचायचा छंद आहे. पुस्तकं! भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय, ताट स्वतः उचला, ते कधी कुणी वाचलं नाही. तुमचा दोष काय? तर म्हणे मी कामात इतका बुडतो की जेवायचं विसरतो. हे सांगणारा पोरगा तिसऱ्यांदा भात मागत होता, वर पप्पू, म्हणजे वरण, पातळ झालंय म्हणून माझ्यावर ओरडत होता. सगळ्यांचा दोष एक, छंद एक, बनवलेला प्रोग्राम पण एकच, हॉटेलातून जेवण मागवायचा. अख्ख्या अमीरपेटनं तोच बनवला. एवढ्या प्रोग्रामांतल्या एकातून जरी खरंच जेवण आलं असतं ना, तर मला मेस बंद करावी लागली असती.

त्याच्यावर कळस म्हणजे अनुभवाचं पत्र. नव्या पोराला कुणी घेत नाही, म्हणून मालक पत्र काढून द्यायचा, की ह्या मुलानं अमक्या कंपनीत पुण्याला दोन वर्षं काम केलंय. ती कंपनी कुठं? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, जिना चढून, एक खोली, एक कुलूप. आणि पोरगा कुठं? माझ्या मेसमध्ये. पुण्याचं तोंड न बघितलेली पोरं हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालायला शिकली. नर्सिम्लूचा त्या पत्रात हात नव्हता. पण तोंडही उघडलं नाही त्यानं कधी. मी म्हटलं, "अरे, खोटं आहे ना हे?" तर म्हणाला, "अक्का, पोरगं आत गेलं की खरं काम शिकतंच. दार तेवढं खोटं आहे." वा रे वा, दाराचा शहाणा.

मग क्लास सगळे फोनवर गेले. मालकानं फळ्यासकट जागा विकली आणि प्लॉटच्या धंद्यात शिरला, तिथंही बहुतेक तोच कोट घालत असेल. नर्सिम्लू माझ्याकडं मागच्या खोलीत राहायला आला. चाळिशी आलेली, लग्न नाही, हातात मार्कर पेनं. भाजी चिरायचा, कांदा सोलायचा, आणि कांदा नसतानाही डोळे पुसायचा. एक दिवस मला म्हणाला, एका कंपनीत ज्युनियर पोरं घेतायत, मी अर्ज टाकलाय.

यादय्या तिथंच सांबार ढवळत होता. "ज्युनियर? डोक्यावर चंद्र उगवला की रे तुझ्या!"

"बावा," तो मेहुण्याला म्हणाला, "ते वय नाही विचारत. काम विचारतात."

"मग तर तू मेलासच."

हसू नका. मीही तेव्हा हसले. पण तो हसला नाही. मला म्हणाला, "अक्का, आजवर कुणी मला निवडलं नाही. एकदा कुणीतरी म्हणू दे, तू आमच्यात ये. एकदाच. मग जन्मभर भांडी घास म्हण, घासीन."

एवढंच होतं हो त्याचं. पगाराचा आकडा पण त्यानं विचारला नव्हता.

लेखी परीक्षा पास झाला, ते तर होणारच. भीती होती बोलायची. मग मी रोज दुपारी मेस आवरली की त्याच्यासमोर उलटी बादली घेऊन बसायची, हातात पळी, आणि विचारायची, बोल, कोण तू? तो लगेच सुरू, मी कष्टाळू आहे, मी लवकर... मी पळी आपटायची. "गप. हे मी गुंटूरच्या पोराकडून ऐकलंय, वारंगलच्या पोराकडून ऐकलंय. तुझं सांग." तो घामाघूम. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा वैतागून म्हणाला, "माझं काय आहे अक्का? मी त्या क्लासात इतकी वर्षं पोरांना शिकवलं, बस. पोरगं कुठं अडकलंय ते मला त्याच्या तोंडावरनं कळतं. दुसऱ्याची चूक शोधून, त्याला न लाजवता दुरुस्त करून देतो. एवढंच येतं मला."

आणि हे बोलताना त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मी म्हटलं, "येड्या, हेच सांग." दुसरं काही नाही, हेच. त्यानं पण मानलं. मग रोज तेवढंच बोलायचा, आणि रोज सुधारत गेला. शेवटी शेवटी तर ऐटीत बोलायचा, यादय्यासुद्धा सांबार सोडून ऐकायचा.

इंटरव्ह्यू लॅपटॉपवर होता, मागच्या खोलीतच. मी मागं धुतलेली चादर बांधली, मिक्सर बंद केला, जेवणाऱ्या पोरांना दम दिला की चमचा वाजला तर उद्यापासून ताट बंद. आणि दाराआड उभी राहिले. पडद्यावर दोघं. एक बंगळूरच्या मॅडम, मोठ्या साहेब. आणि दुसरा प्रणीत.

प्रणीत म्हणजे आपलाच. आमच्या बाकावर, पंख्याखाली बसायचा, गोंगुऱ्याची, अंबाडीची चटणी बोटानं पुसून खायचा. नर्सिम्लूनं त्याला शून्यातून उभा केलेला. पत्र घेऊन आत गेला आणि आता तिथं बसून दुसऱ्यांना पारखतोय. नर्सिम्लूचं तोंड असं उजळलं, मी सांगू! सगळं विसरला, कंपनी विसरला, आणि आपण कुणीही भेटलं की म्हणतो तसंच म्हणाला, "अरे प्रणीत! जेवलास का रे?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ओळखता एकमेकांना?"

प्रणीत म्हणाला, "नाही मॅडम. काहीतरी गैरसमज होतोय त्यांचा."

माझा भाऊ म्हणाला, "सॉरी सर. चूक झाली. तुमच्यासारखाच एक मुलगा होता ओळखीचा." सर! त्याला सर म्हणाला.

मॅडमच्या आवाजाला धार आली. "पण नाव तर बरोबर घेतलंत तुम्ही."

"पडद्यावर लिहिलंय ना मॅडम, खाली."

मॅडम हं म्हणाल्या, पण समाधान काही झालं नव्हतं, आवाजावरनं कळत होतं. मग म्हणाल्या, "बरं. इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात? कुठं होतात?"

हाच तो प्रश्न. उलट्या बादलीवर बसून बसून घटवलेला. मी दाराआड ओठ हलवत होते. बोल रे, मी त्या क्लासात... बोल.

तो म्हणाला, "घरीच होतो मॅडम. बहिणीची मेस आहे. तिला हातभार लावत होतो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मग हे सॉफ्टवेअर वगैरे?"

"असंच. आवड म्हणून."

पुढं दोन-चार गोष्टी त्या मॅडमनीच विचारल्या, त्यांची उत्तरं त्यानं बरोबर दिली असणार, पण इतकी वर्षं भाजी चिरत बसलेल्या माणसाला कोण घेतं? प्रणीतनं एक प्रश्न विचारला नाही. मान खाली घालून काहीतरी लिहीत असल्याचं नाटक करत होता. संपल्यावर नर्सिम्लूनं लॅपटॉप मिटला आणि चादर सोडायला लागला. मी आत शिरले.

"का रे गाढवा? का नाही बोललास?"

"अक्का, त्याच्या कागदावर तेव्हा तो पुण्यात आहे. मी क्लासचं नाव घेतलं असतं तर मॅडमनी तिथल्या तिथं धरलं असतं, विचारलं असतं, मग हा मुलगा तुम्हाला तिथंच भेटला का. त्याची नोकरी गेली असती. छोटी मुलगी आहे त्याला."

"आणि तू?"

"तोंडातून जेवलास का निघालं ना माझ्याच. माझीच चूक."

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, नाही. त्यानं ते वाचलं आणि कांदे सोलायला बसला. बतुकम्माच्या, नवरात्राच्या दिवसांत छातीत दुखतंय म्हणाला. गॅस असेल म्हणून सोडा प्यायला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अकराव्याला प्रणीत आला. मोठी गाडी, माणसाएवढा हार. सगळ्यांसमोर फोटोपुढं आडवा पडला आणि म्हणाला, "सर माझे देव होते." बायका रडायला लागल्या. मी त्याला बाजूला घेतलं, मागच्या खोलीत, त्याच जागी.

"देव होते ना? मग लाव फोन. त्या मॅडमना सांग, मी ह्यांना ओळखत होतो."

"अक्का, आता काय उपयोग आहे त्याचा?"

"तुझ्या त्या कंपनीत कुणीतरी म्हणू दे की हा माणूस घरी भाजी चिरत नव्हता. एवढाच उपयोग."

"माझी नोकरी जाईल, अक्का."

"तुझ्या सरांची लागली नाही, तेव्हा तुला काही वाटलं?"

तो रडला. रडायला काय, त्या क्लासात ते शिकवलेलं नव्हतं तरी बरं जमलं. फोन मात्र खिशातून निघाला नाही. हार मी त्याच्याच गाडीच्या टपावर नेऊन ठेवला. यादय्या म्हणाला, "असं करू नये, लोक बघतायत." बघू देत.

तर हे तुमच्या सरांबद्दल. आता तुम्ही पोरं ग्रुपवर शोधायला लागाल, आपल्यात प्रणीत कोण. ह्या ग्रुपात प्रणीत नावाचा कुणी नाही. ते नाव मी ठेवलंय, ओळखू येईल अशा खुणाही बदलल्यात. खरं नाव माझ्या जिभेवर रोज येतं, तांदूळ धुताना येतं, आणि मी गिळते. माझ्या त्या मूर्ख भावानं त्याला मिळालेली एकुलती एक संधी ते नाव झाकण्यात घालवली. मी ते इथं लिहिलं तर मग माझ्या भावाचं काहीच उरणार नाही. म्हणून नाही लिहीत. ज्याचं आहे त्याला कळलंय. त्यानं ग्रुपवर टाकलेली फुलं अजून काढली नाहीत.