नैवेद्याआधीचा घास

लेकीच्या वरणात मी चार महिने गोळी कुटून घातली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी सोशिक आई वगैरे समजायला नको.

तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नवव्या वर्षापासून तिचं बिनसत गेलं होतं. राग आला की ताट भिरकावायची, स्वतःचे केस उपटायची, मग अर्धा अर्धा दिवस पलंगाखाली जाऊन पडायची. भिंतीपलीकडून लोक आपल्याबद्दल बोलतात, असं तिला ऐकू यायचं. शाळेनं, इथल्या हिंदीत, गोड शब्दांत सांगितलं, "मॅडम, इसे घर पर ही रखिए." विजय नगरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "छुपाकर मत दीजिएगा." मी नंदीबैलासारखी मान हलवली.

घरी आल्यावर पहिली गोळी तिनं माझ्या तोंडावर थुंकली. तिसऱ्या दिवशी मी लाटणं घेतलं.

गुण आला, हे खोटं कसं सांगू? ती झोपायला लागली, एकदा हसलीसुद्धा. कारखान्यातून आल्यावर नवरा दारातच विचारायचा, "आज कशी आहे?" आणि मी ऐटीत सांगायची, "छान." पण एका सकाळी ती पाणी प्यायला आली, तेव्हा मी पोळपाटावर गोळी चुरत होते. तिनं पाहिलं. ओरडली नाही, काही फोडलं नाही. नुसती मागं फिरली.

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचं खाणं सोडलं. साल असलेलं तेवढं खायची. केळी, शेंगा, सोलायच्या आधी स्वतः तपासलेला भुट्टा. बिस्किटाचा पुडा तिच्या समोर फोडायचा. गोळी बंद, जेवण बंद, आणि राग दुप्पट. एकदा तिनं आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अंगावर स्टूल फेकलं. मी तिच्या थोबाडीत मारली. मारून झाल्यावर लक्षात आलं, हाताला गालाचं हाडच लागलं होतं. त्या रात्री मी खूप रडले, आणि खरं सांगते, थोडी तिच्यावर चिडूनच रडले.

डॉक्टरीणबाई मला भरपूर बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "अभी दवाई छोड़िए. पहले वो आपके हाथ का खाना खाए."

महिना गेला. घमापुरातल्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाचा थाट असतो: सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. सासूबाईंचा दंडक असा की नैवेद्य दाखवेपर्यंत मीठसुद्धा चाखायचं नाही, सगळं अंदाजानं. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी कधी बोट चाटलं नव्हतं.

पुरण वाटून झालं आणि लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. महिनाभरात पहिल्यांदाच. पुरणाचा वास घेत होती.

"खाशील?" मी विचारलं.

"पहले तू खा," ती तिच्या नेहमीच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली.

सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, नैवेद्य व्हायचा आहे अजून! काहून विटाळ करून राहिली?"

मी पुरणाचा गोळा उचलला आणि तोंडात टाकला. तिच्याकडे बघत चावला, गिळला, जीभसुद्धा काढून दाखवली. मग तिनं पातेलं फिरवलं आणि दुसऱ्या बाजूचं पुरण दाखवलं. तेही खाल्लं. मग कढी, मग भोपळ्याची भाजी. सोळापैकी नऊ भाज्या मी उष्ट्या केल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नातीच्या काटकुळ्या मनगटांकडे.

"पाहून काय राहिली?" त्या मला म्हणाल्या. "तवा तापला ना. पोरीला गरम पोळी टाक. मी दुसरी डाळ भिजवते देवींसाठी."

लेक जमिनीवर मांडी घालून जेवली. मी प्रत्येक घास आधी मोडून खात होते, मग ती. अर्धी पोळी झाल्यावर मला राहवलं नाही. डब्यामागून गोळ्यांची पट्टी काढून मी तिच्यासमोर ठेवली. "हीच घालत होते मी तुझ्या वरणात. चोरून घातली. चुकले."

तिनं पट्टी भिरकावली. ती शेगडीखाली गेली. संपलं सगळं, असं मला वाटलं. मिळालं तेवढं पदरात पाडून घ्यायची अक्कल मला कधी येणार, असंही वाटलं.

तिनं ताटातलं तूप बोटानं निपटलं. मग ताट पुढं सरकवलं. "और एक दे."

मी तव्यावरची पोळी वाढली आणि सवयीनं कोपरा मोडायला गेले. तिनं माझा हात धरला. तुपानं तिची बोटं चिकट झाली होती.

"रहने दे," ती म्हणाली, आणि पोळीचा पहिला घास तिनं स्वतःच मोडला.

बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्या अजून उपाशी होत्या. सासूबाई डाळ धूत होत्या आणि त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही.